आपल्या भिंतींतली ओल : थोडा मागचा इतिहास

संस्थेचा इतिहास म्हटला की नोंदणीची तारीख, पहिली कार्यकारिणी, भूमिपूजनाचा फोटो असा एक ठरलेला क्रम असतो. तो या स्मरणिकेत दुसरीकडे आलाच आहे. मी आपल्या सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या पहिल्यापासून चाळल्या आणि मला वेगळाच इतिहास दिसला. रस्ता, दिवे, कुंपण, गणपतीची वर्गणी यांवर मधूनमधून चर्चा झाली, पण ‘ओल’, ‘गळती’, ‘सीपेज’, ‘पोपडे’ यांपैकी एखादा तरी शब्द जवळजवळ प्रत्येक वर्षी आहे. कधी अर्ज म्हणून, कधी तक्रार म्हणून, आणि एका वर्षी तर ‘सभा गोंधळात तहकूब’ या शेऱ्याच्या वरच्या ओळीत. म्हणून हा लेख त्या पाण्यावर. माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्याची, त्यामुळे पाणी सोडून दुसरं काही मला लिहिताही येणार नाही.

आपण राहतो ते गावच मुळी पाण्यात बसलेलं आहे. अर्जुनी आणि मोरगाव ही दोन गावं मिळून आपलं नाव झालं. (सडक अर्जुनी वेगळी, तरी बाहेरगावचे पाहुणे अजून तिकडं उतरतात आणि फोन करतात.) वर्षाला बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. चहूकडं धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी वाहून जाऊ नये म्हणून मुद्दाम अडवलेली जमीन. त्यात इटियाडोहचं पाणी उन्हाळी धानाला येतं, तेव्हा काही भागात मार्च-एप्रिलमध्येसुद्धा जमीन कोरडी होत नाही. धानाला जे लागतं तेच घराला नको असतं. आपल्या ओलीचं सगळं भांडण इथून सुरू होतं.

या मुलखात पाण्याशी सर्वांत जुनी ओळख कोहळी लोकांची. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन, अशी रीत होती असं परंपरा सांगते. त्यातून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारोंनी तलाव आणि बोड्या झाल्या. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पुढं मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांचे म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५० च्या कायद्यानं आणि १९५१ पासूनच्या अंमलानं मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, पण नाव राहिलं : मामा तलाव. माजी मालगुजारी, म्हणून मामा. नव्या पिढीला हे सांगावं लागतं.

तलावाचा आणि आपल्या स्लॅबचा काय संबंध, असं कुणी विचारील. आहे. मातीची पार कधीही पूर्ण कोरडी नसते. पाणी पारीतून थोडं झिरपतंच, आणि जुनी माणसं ते झिरपणं बंद करायच्या मागं लागत नसत, त्याच्यावर नजर ठेवत. पारीच्या पायथ्याशी आलेलं पाणी स्वच्छ असलं तर हरकत नाही, त्याला वाट करून द्यायची. तेच पाणी गढूळ यायला लागलं म्हणजे ते पारीच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडतंय, आणि त्या रात्री कुणी झोपायचं नाही. इटियाडोहचं धरण १९७० साली झालं, गाढवी नदीवर, तेही मातीचंच. मातीच्या धरणाच्या पायथ्याला जाऊन आम्ही जी पाहणी करायचो तिचा गाभा हाच : पाणी कुठून येतं, किती येतं, आणि येताना सोबत काय आणतं. घराच्या भिंतीलाही हेच तीन प्रश्न विचारायचे असतात. आपण पहिला प्रश्न सोडून देतो आणि थेट रंगाच्या दुकानात जातो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपण मातीच्या घरात गेलं आहे. जाड भिंती, वर फाटे आणि कवेलू, पुढं छपरी, आणि जमिनीपासून चांगला वर उचललेला ओटा. पाखं भिंतीच्या बरंच बाहेर आलेलं, त्यामुळं पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. त्या घराला ओल लागत नसे असं नाही. भिंत पावसाळ्यात पाणी प्यायची आणि हिवाळ्यात सोडून द्यायची, कारण तिच्यावर शेणामातीचं सारवण आणि पांढऱ्या मातीचा पोतारा असे. त्यातून वाफ आरपार जाते. जेठात कवेलू फेरायचे, फुटके बदलायचे, मृग लागायच्या आत. दिवाळीला पुन्हा पोतारायचं. म्हणजे वर्षातून दोनदा घराच्या प्रत्येक वीतभर जागेवरून कुणाचा तरी हात फिरत असे. तो हात बहुधा बाईचा असे, आणि पोपडा कुठं सुटला, कुठं उधई चढली, कुठं उंदरानं बीळ केलं हे तिला बोटांना कळायचं. घराची तपासणी हा शब्द नव्हता, काम मात्र होतं.

पण त्या घराचं उगीच कौतुकही नको. तीन-तीन दिवसांची झड लागली की रात्री कुठली तरी भिंत धप्पकन बसायची, आणि सकाळी सगळं गाव तिकडं धावायचं. माणसं दगावलीत. साप-विंचू वेगळेच. सिमेंटचं घर हवं असं आपल्या आईवडिलांना वाटलं यात चूक काही नव्हती.

ते सिमेंट मात्र सहजी मिळत नव्हतं. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिननं १८२४ साली घेतलं, पण झाडीपट्टीतल्या सामान्य नोकरदाराच्या हातात ते यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. सिमेंटवर नियंत्रण होतं, परमिट लागायचं, कोट्यात यायचं. महाराष्ट्रात तर सिमेंट वाटपाच्या प्रकरणावरून जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली. त्याच वर्षी नियंत्रण अर्धवट उठलं, १९८९ साली पूर्ण उठलं. नव्वदच्या दशकात आपली छोटी रेल्वे जाऊन मोठी लाइन आली, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या वाढल्या, बदलीची माणसं वाढली. आपली संस्था त्या लाटेतली.

आता आपल्या जागेचं. ज्यांनी ती पहिल्या वर्षी पाहिली आहे त्यांना आठवत असेल, इथं धानाच्या बांध्या होत्या आणि पश्चिमेच्या कडेला एक बुजत आलेली बोडी. जमीन स्वस्त मिळाली ती त्यामुळंच. मुरूम टाकून भर घातली, वर प्लॉट पाडले. मुरमाखाली चिकण माती तशीच आहे. पाऊस मुरमातून झरझर खाली जातो, मातीवर अडतो आणि तिथंच थांबतो. ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या ओळीत हातभर खड्डा खणा, पाणी दिसेल. पूर्वेच्या ओळीतल्यांना हे खरं वाटत नाही, कारण त्यांचा भाग मुळातच उंचावर आहे. एकाच संस्थेत एका ओळीला ‘काही होत नाही हो’ आणि दुसऱ्या ओळीला दरवर्षी रंगाचा खर्च, हे त्यामुळं.

जमिनीतलं पाणी भिंतीत चढू नये म्हणून जोत्यावर जो थर देतात त्याला मिस्त्री डी.पी.सी. म्हणतात. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी तो सक्तीचा होऊ लागला. त्याच्याही कितीतरी आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, रोमच्या विट्रुव्हिअसनं ओल्या भिंतीला आतून दुसरी पातळ भिंत बांधून मधे हवा खेळती ठेवा आणि पाण्याला बाहेर वाट द्या असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे दुखणं आपलंच नाही, फार जुनं आहे. आपल्या बैठ्या घरांत हा थर काहींना आहे, काहींना नाही. ज्यांनी नंतर अंगणात फरशी टाकून अंगण जोत्याच्या वर आणलं, त्यांचा थर असून नसल्यासारखा झाला. पाणी त्याला ओलांडून वरून आत येतं.

विटांचंही तेच. आपल्याकडच्या विटा धानाच्याच मातीच्या, कोंड्यावर भाजलेल्या. चांगली भाजली तर उत्तम. भारतीय मानकाप्रमाणे साधी वीट चोवीस तास पाण्यात ठेवली तर तिनं स्वतःच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे तीन किलोच्या विटेनं फार तर सहाशे ग्रॅम. बादली आणि किराण्याचा काटा एवढ्यावर हे कुणालाही पाहता येतं. दुसरी ओळ बांधताना आपल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं कच्ची वीट बादलीत टाकून दाखवली होती. एका सभासदानं विचारलं, रंग चांगला मारला तर चालेल ना? तो म्हणाला, “भीतच पानी पेऊन राह्यली जी, रंग मारून का होते?”

या पंचवीस वर्षांत संस्थेतल्या जवळजवळ प्रत्येक घराची ओल मी कधी ना कधी पाहिली आहे. कधी कार्यकारिणीनं पाठवलं म्हणून, बहुतेक वेळा चहाला गेलो आणि नजर गेली म्हणून. त्यातून जे पक्कं झालं ते लिहितो.

सगळ्यांत आधी वेळ. घर विकत घेणारी माणसं बहुधा उन्हाळ्यात येतात, शाळांच्या सुट्ट्या पाहून. एप्रिल-मे महिन्यात कुठलीही भिंत शहाणी दिसते. घर बघायचं तर झडीच्या तिसऱ्या दिवशी बघावं, आणि पुन्हा एकदा कार्तिकात. उन्हाळ्यातच बघायची वेळ आली तर कुठली एकच भिंत, एकच कोपरा ताजा रंगवलेला आहे ते पाहावं. कपाट भिंतीपासून ओढायला सांगावं. घरवाल्याला राग आला तर येऊ द्यावा. आणि सगळ्यांत आधी दार उघडल्याबरोबर नाकानं बघावं, कारण दोन मिनिटांनी नाक सवयीचं होतं आणि काही सांगत नाही. आमच्या शेजारच्या आजी उंबऱ्यात उभ्या राहून सांगायच्या, “कुबट येते बाई,” आणि त्यांचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

मग ओलीची उंची. जमिनीतून चढलेली ओल खालून येते, गुडघ्याच्या वर, कधी कमरेपर्यंत, फार तर मीटरभर, आणि तिच्या वरच्या कडेला पांढऱ्या क्षाराची नागमोडी रेघ असते. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. ते मीठ दमट हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पाऊस नसतानाही भिंत काळवंडते आणि आपण उगीच वर गळती शोधत बसतो. इथं आपल्याकडं एक हमखास उपाय केला जातो : जुना गिलावा काढून सिमेंट जास्त घालून नवा, घट्ट गिलावा. दोन पावसाळे बरं दिसतं. बाहेर पडायची वाट बंद झालेलं पाणी मग आणखी वर चढतं आणि घट्ट गिलाव्याच्या वरून डोकं काढतं. पश्चिमेच्या ओळीत दोन घरांत ओल आता खिडकीच्या पट्टीपर्यंत आली आहे ती अशी.

वरून आलेल्या पाण्याची खूण निराळी. छताला तपकिरी कड असलेलं वर्तुळ, एकात एक. प्रत्येक कड म्हणजे एक झड. हे डाग बहुधा गच्चीचा कठडा आणि स्लॅब जिथं मिळतात तिथं, किंवा पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटावं म्हणून एक बारीक खाच असते, ती रंगाच्या थरांनी बुजली की पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून थेट खिडकीवर येतं. खिळ्यानं ती खाच मोकळी केली आणि गळती थांबली असं आपल्याकडं तीनदा तरी झालं आहे. खर्च शून्य.

तिसरी नळाची ओल. तिला पावसाशी देणंघेणं नसतं. उन्हाळ्यातही असते आणि हळूहळू वाढते. रात्री सगळे नळ बंद करून वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खडूनं खूण करा. सकाळी पाणी खुणेखाली गेलं असेल तर ते कुठं तरी गेलं आहे. चौथी ओल हवेची. थंडीत बंद खोलीत कपडे वाळवले, स्वयंपाकाची वाफ कोंडली, की उत्तरेच्या थंड भिंतीवर काळी बुरशी येते. ही कुठून आली ते कळायला वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला दोन दिवस बसवावा. खोलीच्या बाजूनं घाम आला तर हवा दमट, भिंतीच्या बाजूनं आला तर पाणी भिंतीत. इतकी साधी गोष्ट, पण हजारो रुपयांची तोडफोड वाचवते.

आता ती गोष्ट लिहितो जिच्यामुळं सभा तहकूब झाली होती. नावं लिहीत नाही, जुन्या सभासदांना माहीत आहेत.

मागच्या दुमजली इमारतीत खाली एक निवृत्त गुरुजी राहत, वर एका नोकरदार भाऊंचं कुटुंब. गुरुजींच्या दिवाणखान्याच्या छताला पंख्याच्या हुकाभोवती डाग पडला. वर न्हाणीघर जवळ, म्हणून सगळ्यांनी न्हाणीवर बोट ठेवलं. भाऊंनी स्वतःच्या खर्चानं न्हाणी फोडून नवी केली. पुढच्या पावसाळ्यात डाग परत. पुन्हा फोडली. पुन्हा डाग. गुरुजींना वाटलं हे मुद्दाम थातूरमातूर करताहेत, भाऊंना वाटलं आपल्याला लुटायला बसलेत. आधी हळदीकुंकू थांबलं, मग पोरांचं एकमेकांकडं जाणं, मग जिन्यात समोरासमोर आलं की एक जण थांबायचा. गुरुजींच्या घरात त्या पंख्याचं बटण लावलं की हाताला झिणझिण्या यायच्या, म्हणून दोन उन्हाळे त्यांनी त्या खोलीत पंखा लावला नाही. शेवटी गुरुजी घर विकून मुलाकडं निघून गेले.

नवीन मालकांनी कार्यकारिणीला अर्ज दिला तेव्हा मी म्हटलं, आधी काही फोडायचं नाही. कार्तिक होता, पंधरा दिवस पाऊस नव्हता. वर रोज चार माणसं आंघोळ करत होती आणि खालचा डाग वाळत चालला होता. न्हाणी तिथंच सुटली. मग आम्ही गच्चीवर चिकण मातीचा बांध घालून तिची धानासारखी दोन बांध्यांत वाटणी केली. मुलांना फार मजा आली. पहिल्या बांधीत दोन दिवस पाणी भरून ठेवलं, खाली काही नाही. ती सोडून दुसरी भरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हुकाभोवती थेंब आला.

विजेच्या तारांची एक नळी गच्चीवरच्या दिव्यासाठी कठड्यापाशी वर काढून ठेवलेली होती. दिवा कधी बसलाच नाही, नळीचं तोंड उघडं राहिलं. पाणी त्यातून शिरून वरच्या घराच्या भिंतीतून, भाऊंच्या घराला थेंबभरही न शिवता, खालच्या पंख्याच्या डबीत उतरत होतं. तोंड बंद करायला पन्नास रुपये लागले नाहीत. गुरुजींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “सापडलं ना, बरं झालं.” एवढंच. भाऊंनी दोनदा न्हाणी फोडली त्याचे पैसे त्यांनी संस्थेकडं मागितले नाहीत, आणि संस्थेनं दिलेले नाहीत. ते द्यायला हवेत असं माझं मत आहे, आणि ते इथं छापून यावं अशी माझी इच्छा आहे.

कारण आदर्श उपविधींत याची वाटणी स्पष्ट आहे. गच्चीतून, पावसाच्या पाण्यातून, सामाईक नळातून होणारी गळती संस्थेनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायची, घराच्या आतल्या न्हाणी-संडास-सिंकची सभासदानं. पण आधी पाणी कुणाचं ते ठरवायला लागतं, आणि ते ठरवण्याचा खर्च म्हटला की आपल्या सभेत सगळे छताकडं बघतात.

त्याच उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा करायचं आहे, तिशीनंतर तीन वर्षांतून एकदा. आपली इमारत त्या टप्प्यात आहे. मागच्या जिन्याच्या स्लॅबला खालून बारीक सरळ चिरा दिसतात, सळईच्या रेघेत, आणि कडेला गंजाचा रंग उतरलेला आहे. डाग रंगवता येतो, पण गंजलेली सळई कितीतरी पट फुगते आणि काँक्रीट आतून उकलते. पारीच्या पायथ्याशी गढूळ पाणी आल्यासारखं हे आहे. बोटाच्या पेरानं ठोकलं तर दोन ठिकाणी पोकळ वाजतं. त्या चिरांच्या टोकांवर मी मागच्या दिवाळीपासून पेन्सिलनं खुणा करून तारखा टाकल्या आहेत. कृपया त्यावर रंग मारू नये. तिसऱ्या पायरीखालची चीर जूननंतर खुणेच्या पुढं सरकली आहे, बोटभर. परीक्षणाचा ठराव वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत सातवा आहे. रौप्यमहोत्सवाच्या मंडपाचा तिसरा. मी सचिवांना क्रम बदलायची विनंती लेखी दिली आहे.